एकास बारा

नेपोलियनच्या शाही बग्गीची अकरा इंच लांबीची प्रतिकृती करायची. चाकं फिरली पाहिजेत, दारं उघडली पाहिजेत, चढण्या-उतरण्याच्या पायऱ्यांची घडी झाली पाहिजे. आत कापडाने मढवलेली बैठक हवी, वर कोरीव मुकुट हवा, टपाच्या कडेने नक्षी हवी. नकाशे आणि सूचना फुकट मिळतील. लाकूड, धातू, कापड, रंग ज्याचं त्याने जमवायचं. वय बारा ते एकोणीस. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये.

ऑगस्ट १९३० मध्ये ‘फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड’ या नावाने हे आव्हान अमेरिकेतल्या मुलांपुढे आलं. न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळून अजून वर्षही झालं नव्हतं. गिऱ्हाईक आटलं होतं, कारखान्यांतून माणसं कमी होत होती. अशा वेळी सर्वांत वरचं बक्षीस होतं ५,००० डॉलरची विद्यापीठाची शिष्यवृत्ती. नवी कोरी शेवरले तेव्हा पाचशे-सहाशे डॉलरला मिळायची. म्हणजे आठ-नऊ मोटारींची किंमत, आणि ती एका शाळकरी पोराच्या शिक्षणासाठी. ज्या घरात वडिलांच्या पगाराची खात्री उरली नव्हती तिथे ही जाहिरात काय भावाने वाचली गेली असेल, हे आपल्यालाही सहज समजतं.

बग्गीच का, हे कळायला फिशर बंधूंकडे जावं लागतं. ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावचे हे सात भाऊ. वडील लोहारकाम आणि घोडागाड्या बांधण्याचं काम करत. थोरला फ्रेड १९०२ च्या सुमारास डेट्रॉइटला आला आणि १९०८ मध्ये फिशर बॉडी कंपनी उभी राहिली. मोटारीचा सांगाडा आणि इंजिन एकाने बनवायचं आणि वरची बॉडी दुसऱ्याने, अशी तेव्हाची रीत होती. फिशर बंधूंनी बंद टपाच्या बॉडीवर भर दिला. पावसाथंडीतही मोटार वापरता येऊ लागली ती अशा बॉडीमुळेच. १९१९ मध्ये जनरल मोटर्सने त्यांच्या कंपनीचा मोठा हिस्सा घेतला आणि १९२६ मध्ये सगळी कंपनीच आपल्यात सामावून घेतली.

त्या बॉड्या आतून लाकडाच्या असत. लाकडी चौकट, तिच्यावर ठोकून बसवलेला पत्रा. मोटारीच्या कारखान्यात हजारोंनी सुतार होते ही गोष्ट आज सांगावी लागते. या परंपरेची खूण म्हणून कंपनीने बग्गीचं चिन्ह घेतलं होतं. नेपोलियनच्या राज्याभिषेकाची बग्गी आणि त्याच्या दुसऱ्या लग्नातली बग्गी, दोन्ही एकत्र करून ते काढलेलं होतं. गिल्डने मुलांपुढे ठेवलेला नमुना हाच. आणि पाचच वर्षांनी, १९३५ च्या मोटारींवर, याच फिशर बॉडीने अखंड पोलादी टप आणला. त्यानंतर लाकडाचे दिवस भराभर सरले. जे कसब कारखान्याला लवकरच नको होणार होतं, ते कसब कंपनी पोरांना शिकायला लावत होती. यामागे जाहिरात होती, यात शंका नाही. मुलगा नाव नोंदवायला जनरल मोटर्सच्याच शेवरले किंवा ब्यूइकच्या विक्रेत्याकडे जाणार, सोबत बापही दुकानात पाय ठेवणार. पण नुसत्या जाहिरातीसाठी इतकं अवघड काम कुणी मुलांपुढे ठेवत नाही. सोप्या बग्गीनेही दुकानात गर्दी झाली असती. फिशर बंधूंचं बालपण वडिलांच्या कामाच्या जागी गेलं होतं. ती काठिण्यपातळी तिथूनच आली असावी, असं मला वाटतं.

कठीण म्हणजे किती, हे नकाशा समोर ठेवल्यावर कळायचं. बग्गीचं प्रमाण एकास अठरा. खऱ्या चाकाचा आरा मनगटाएवढा जाड असेल तर इथे तो पेन्सिलीच्या शिशापेक्षा जरा मोठा. असे आरे एकेक करून घडवायचे, तुंब्यात समान अंतरावर बसवायचे आणि चाक डगमगता कामा नये. बग्गीचा डबा कातडी पट्ट्यांवर झुलता राहायला हवा. नक्षीचे धातूचे तुकडे साचा करून ओतायचे किंवा पत्र्यातून कापून कानशीने आकाराला आणायचे. बाजारात यातलं काहीच तयार मिळत नव्हतं. हत्यारंसुद्धा पुष्कळांनी स्वतःच केली. छत्रीची काडी, घड्याळाची स्प्रिंग, आईच्या शिवणाच्या डब्यातल्या सुया यांना धार लावून छोट्या पटाश्या तयार व्हायच्या. शाळेतून आल्यावर आणि सुटीच्या दिवशी मिळेल तेवढा वेळ धरला, तरी एका बग्गीला शेकडो तास लागत. कित्येकांनी सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडली. पुरी झालेली बग्गी खोक्यात नीट भरून पाठवायची, ती वाटेत मोडायची भीती वेगळीच.

१९३१ मध्ये चार मुलांना पहिल्या शिष्यवृत्त्या मिळाल्या. त्यांच्यात इंडियाना राज्यातल्या वेस्ट लाफाएट गावचा डोनाल्ड बर्नहॅम होता. परड्यू विद्यापीठ त्याच गावात. बक्षिसाच्या पैशावर तो तिथे मेकॅनिकल इंजिनिअर झाला, आधी जनरल मोटर्समध्ये नोकरी केली आणि पुढे वेस्टिंगहाउस या विजेची उपकरणं बनवणाऱ्या अजस्र कंपनीत गेला. १९६३ मध्ये तो त्या कंपनीचा प्रमुख झाला. यंत्राचा कारभार बघणाऱ्या या माणसाचं पहिलं नाव झालं ते लाकडी बग्गीने.

विजेत्यांना डेट्रॉइटला बोलावत. चार दिवस त्यांचा पाहुणचार, कारखान्यांची सैर, शेवटी मोठी मेजवानी. अमेरिकेतल्या बालवीर चळवळीचे एक जनक डॅनिअल कार्टर बिअर्ड गिल्डचे मानद अध्यक्ष होते. अभियांत्रिकी महाविद्यालयांतली प्रतिष्ठित मंडळी परीक्षणाच्या कामाशी जोडलेली होती. शेतावरून किंवा छोट्या गावातून आलेल्या मुलाला देशातले नामांकित लोक शेजारी बसवून जेवू घालत होते आणि त्याच्या बग्गीच्या चाकाबद्दल विचारत होते. मंदीच्या काळात बहुतेक मुलांना मोठी माणसं ‘थांब, सध्या काही नाही’ एवढंच सांगत होती. त्या तुलनेत या चार दिवसांचं मोल शिष्यवृत्तीहून फार कमी नव्हतं.

त्याच सुमारास आपल्या मुंबईतही जनरल मोटर्सचं नाव रस्त्यावर होतं. १९२८ मध्ये कंपनीने शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. सुटे भाग बोटीने यायचे आणि शिवडीत त्यांच्या शेवरले व्हायच्या. गिल्ड मात्र अटलांटिकच्या पलीकडच्या मुलांसाठीच होतं. शिवडी-परळच्या एखाद्या हुशार पोराला त्या स्पर्धेचा पत्ता लागण्याचं काही कारण नव्हतं.

१९३७ मध्ये गिल्डला खरं वळण मिळालं. बग्गीच्या जोडीला दुसरी स्पर्धा सुरू झाली : स्वतःच्या कल्पनेतली मोटार, एकास बारा या प्रमाणात. बग्गीत नकाशा ठरलेला, परीक्षा हाताची. मोटारीत नकाशाही मुलानेच काढायचा. उद्याची मोटार कशी दिसेल हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला कुणी गंभीरपणे विचारत होतं, आणि नुसतं विचारत नव्हतं, तर फूट-दीड फूट लांबीची वस्तू करून दाखव म्हणत होतं.

या वळणामागचा काळही समजून घ्यायला हवा. जनरल मोटर्सने १९२७ मध्ये मोटारीचं रूप ठरवण्यासाठी वेगळा विभाग काढला आणि तो हार्ले अर्लच्या हाती दिला. अर्लचे वडीलही लॉस एंजेलिसमध्ये घोडागाड्या बांधणारे. फिशर आणि अर्ल, दोन्ही घरं एकाच धंद्यातून वर आलेली. अर्लने मोटारीचा आकार आधी मातीत घडवून पाहण्याची पद्धत रुजवली. कागदावरच्या रेषेला फसवता येतं. मातीच्या गाडीभोवती फिरून पाहिलं की मागचा भाग जड झालाय की नाही, चाकावरची कमान जिवंत दिसते की नाही, हे डोळ्यांना लगेच कळतं. पण हे काम करणारी माणसं आणायची कुठून? चित्रकलेच्या शाळांतून चित्रकार मिळत, अभियांत्रिकीतून इंजिनिअर. मोटारीचा आकार घडवायला शिकवणाऱ्या शाळा अगदी मोजक्या होत्या. गिल्डने ती उणीव भरून काढली. सगळं आधीपासून योजून केलं होतं असं मी म्हणणार नाही, पण हार्ले अर्ल आणि त्याचे सहकारी परीक्षकांच्या खुर्चीत बसू लागले तेव्हा त्यांना समोरच्या टेबलांवर आपले उद्याचे सहकारी दिसत होते.

महायुद्धात अमेरिका उतरल्यावर स्पर्धा थांबली. युद्धानंतर ती पुन्हा सुरू झाली तेव्हा बग्गीची हौस ओसरली होती. १९४८ पर्यंत बग्गी मागे पडली आणि पुढची वीस वर्षं फक्त मोटारींची झाली. गिल्डचा सोन्याचा काळ तो हाच.

एक गाडी कशी व्हायची ते सांगतो, कारण या छंदाचा सगळा जीव त्या कामात आहे. आधी पुष्कळ कच्ची चित्रं. त्यांतलं एक निवडून बाजूने, वरून, समोरून, मागून असे चार नकाशे मापात काढायचे. सतरा फुटांची मोटार इथे सतरा इंचांची. नकाशावरून पुठ्ठ्याचे किंवा पत्र्याचे फर्मे कापायचे. हा फर्मा गाडीच्या अंगाला लावला की कुठे फट दिसते आणि कुठे तो अडतो, यावरून आकार चुकतो कुठे ते कळतं. काहीजण आधी मातीत गाडी करून तिचा प्लॅस्टरचा साचा घेत. बरेचजण सरळ लाकडाचा ठोकळा घेत, बाल्सा किंवा दुसरं एखादं मऊ, कमी रेषांचं लाकूड. रंधा, पटाशी, कानस आणि मग पॉलिश पेपर. एका बाजूची कमान मनासारखी जमते. तिची नेमकी जोडीदार दुसऱ्या बाजूला उतरवताना कस लागतो. आरशात धरून दोन्ही बाजू पारखायच्या.

मग रंग. लाकडाचे रेषे बुजवायला लांबी भरायची, वाळली की घासायची, पुन्हा भरायची. अस्तराचे हात मारायचे, प्रत्येक हातानंतर पाण्याच्या पेपरने घासायचं. लॅकरचा रंग चढला की खालची प्रत्येक चूक उठून दिसते. झगझगीत पृष्ठभागावर उजेडाची रेघ वाकडी पडली तर तिथे खड्डा आहे समजायचं आणि मागे जायचं. बंपर, दिव्यांच्या कडा, जाळी पितळेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या तुकड्यांतून कापून, घासून, आरशासारख्या चकचकीत करायच्या. बहुतेक गाड्या आतून भरीव असत. सगळं लक्ष बाहेरच्या रूपावर. आणि परीक्षक दोन गोष्टींना गुण देत : कल्पना किती नवी आणि तरी रस्त्यावर चालेल अशी आहे, आणि हात किती साफ आहे. नुसती भन्नाट कल्पना किंवा नुसता सफाईदार हात चालत नसे.

मला या गुणपद्धतीचं फार कौतुक वाटतं. मुलांच्या स्पर्धांमध्ये दया दाखवण्याची वृत्ती असते, ती इथे नव्हती. कारखान्यात नोकरीवर असलेल्या कारागिराच्या कामाकडे जसं बघतात, तसंच बघत. तेरा वर्षांच्या मुलालाही कळत होतं की आपलं काम खरोखरीच्या मापाने मोजलं जातंय.

तेरा वर्षांचा असा एक मुलगा होता व्हर्जिल एक्सनर धाकटा. वडील त्या वेळी स्टुडबेकर मोटारींची रूपं घडवत होते. पुढे क्रायस्लरमध्ये त्यांनी उंच शेपटीच्या मोटारींची लाट आणली. धाकट्याने १९४६ च्या स्पर्धेत शिष्यवृत्ती मिळवली आणि मोठेपणी तो फोर्डकडे मोटारी घडवू लागला. रॉन हिल या गिल्डच्या दुसऱ्या एका मुलाने जनरल मोटर्समध्ये काम केलं आणि नंतर कॅलिफोर्नियातल्या आर्ट सेंटर या संस्थेत मोटारींची रूपं घडवायला शिकवणाऱ्या विभागाचं नेतृत्व केलं. चार्ल्स जॉर्डन, ज्याला सगळे चक म्हणत, कॅलिफोर्नियातल्या व्हिटियरचा. एमआयटीत इंजिनिअरिंग शिकत असताना त्याने १९४७ च्या स्पर्धेत गाडी पाठवली आणि मोठ्या गटातलं राष्ट्रीय बक्षीस, ४,००० डॉलर, पटकावलं. दोन वर्षांनी तो जनरल मोटर्समध्ये रुजू झाला. गिल्डमधून कंपनीला किती माणसं मिळाली याचा हिशेब १९६८ मध्ये असा होता : रूप घडवणाऱ्या विभागातल्या सर्जनशील कामावरच्या निम्म्याहून अधिक लोकांचा कधी ना कधी गिल्डशी संबंध आलेला होता.

महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांनी जे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं, तालुक्याच्या गावातल्या मुलाला ‘तुझ्या हातात काही आहे’ हे बाहेरच्या कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं आणि त्यातले काहीजण जे. जे. पर्यंत पोचले, तसंच काम गिल्डने मोटारींच्या बाबतीत केलं. या मुलांच्या गावात मोटार घडवणारा कुणी नव्हता. हा एक व्यवसाय असतो हेच त्यांना गिल्डच्या पत्रकातून कळलं.

मुलांना, असं मी म्हणतोय, आणि ते शब्दशः खरं आहे. मुलींना गिल्डमध्ये प्रवेश नव्हता. चौतीस-पस्तीस वर्षांत कधीच नव्हता. या गोष्टीचे परिणाम पुढे स्पष्ट दिसले. १९५० च्या दशकाच्या मध्यात हार्ले अर्लने काही तरुण स्त्रियांना आपल्या विभागात घेतलं. बऱ्याचशा न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेल्या. सुझान व्हँडरबिल्ट, रूथ ग्लेनी अशी नावं त्यांत होती. कंपनीने त्यांचा गाजावाजा केला, फोटो छापले, पण काम दिलं ते आतल्या बैठकीचं, कापडाचं, रंगसंगतीचं. मोटारीचं बाहेरचं रूप पुरुषांकडेच राहिलं. ग्लेनीने १९५८ च्या एका कॉर्व्हेटला चार ऋतूंसाठी चार वेगळी बैठक-वस्त्रं दिली. बुद्धी आणि नजर कुठे कमी नव्हती. बाहेरचा आकार घडवणाऱ्यांची भरती मात्र पंधराव्या वर्षीच सुरू होत होती, आणि त्या वयात त्यांना कुणी ठोकळा आणि पटाशी हातात घे म्हटलंच नव्हतं. गिल्डबद्दल मनापासून आदर असूनही हा अन्याय मला पुसता येत नाही.

दरम्यान छोट्या मोटारींचा छंद दुसऱ्याच वाटेने घराघरांत शिरत होता. डेट्रॉइटच्याच परिसरात १९४८ मध्ये एएमटी कंपनी सुरू झाली. मोटारविक्रेत्यांना देण्यासाठी ती नव्या मोटारींच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती करायची, एकास पंचवीस प्रमाणात. गिऱ्हाइकाच्या मुलाच्या हातात ती छोटी गाडी पडायची. सुरुवातीचं प्लॅस्टिक काही वर्षांत वाकडं व्हायचं. आज न वाकलेली गाडी मिळाली तर संग्राहक हरखून जातात. १९५८ मध्ये याच कंपनीने सुट्या भागांचे संच काढले. एका खोक्यातून तीन प्रकारची गाडी जुळवता यायची : कारखान्यातून निघते तशी, हौसेने बदललेली, किंवा शर्यतीची. किंमत दीड डॉलरच्या आसपास. संध्याकाळी खोका उघडावा, सरस लावावा, रविवारी गाडी तयार.

हे संच मला कमी लेखायचे नाहीत. त्यांनी लाखो मुलांच्या हातात मोटार दिली, इंजिन कसं बसतं ते दाखवलं, आणि आज जगभर जो प्रतिकृतींचा छंद आहे त्याचा मोठा भाग तिथूनच वाढला. पण खोक्यातली गाडी दुसऱ्या कुणीतरी आधीच कल्पून ठेवलेली असते. गिल्ड हातात कोरा ठोकळा द्यायचं. शेकडो तासांची ती वाट १९६० च्या दशकात फार लांब वाटू लागली. दूरचित्रवाणी घरोघरी होतीच, आता घरातल्या ट्रॅकवर धावणाऱ्या विजेच्या गाड्यांचं वेड आलं, व्हिएतनामचं युद्ध आलं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात भविष्याचा विचार आता वेगळ्या कारणाने घोळत होता. मोटार कंपन्यांकडे बघण्याची नजरही बदलली. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांनी अमेरिकी मोटारींच्या असुरक्षिततेवर पुस्तक लिहिलं. त्यात जनरल मोटर्सच्या कॉर्व्हेअरवर पहिला घाव होता. पुढच्याच वर्षी सुरक्षिततेचा कायदा झाला. उद्याच्या मोटारीचं स्वप्न विकणाऱ्या कंपनीला आजच्या मोटारीचा जाब द्यावा लागत होता. माझ्या मते गिल्ड बंद होण्यात या सगळ्याचा वाटा होता. १९६८ मध्ये जनरल मोटर्सने ते थांबवलं.

गाड्या मात्र राहिल्या. काही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत, पुष्कळशा बनवणाऱ्यांच्या घरी. १९६० च्या दशकात स्वतः स्पर्धेत उतरलेल्या जॉन जेकबस यांनी गिल्डचा सचित्र इतिहास लिहून २००५ मध्ये प्रसिद्ध केला. जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत पांढऱ्या केसांची माणसं आपली सतराव्या वर्षीची गाडी मांडून बसू लागली, आणि संग्राहक तिच्यासाठी विचारणा करू लागले.

१९८४ च्या फेररचनेत फिशर बॉडी हा विभागच जनरल मोटर्समधून नाहीसा झाला. दोन वर्षांनी, १९८६ मध्ये, कंपनीच्या सगळ्या मोटारींच्या रूपाची जबाबदारी असलेलं उपाध्यक्षपद रिकामं झालं. हार्ले अर्लपासून चालत आलेली ही खुर्ची. अर्ल, बिल मिचेल आणि अर्व रिबिकी यांच्यानंतर त्या खुर्चीवर चौथा माणूस बसला तो १९४७ चा विजेता चक जॉर्डन, आणि १९९२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याने ती सांभाळली.